समतोल की समस्थिती?

बाहेर चाळीस अंशांचं ऊन असो की कडाक्याची थंडी, शरीर आतलं तापमान, साखर, क्षार, पाणी ठरावीक मर्यादेत राखतं. या कामाला इंग्रजीत 'होमिओस्टॅसिस' म्हणतात. एका ताईंनी विचारलंय की मराठीत याला काय म्हणावं? त्यांच्या मते 'समस्थिती' म्हटलं की सगळं थांबल्यासारखं वाटतं. 'समतोल' बरा, तो कुणालाही कळतो.

कळतो हे खरं, पण नेमका चुकीचा कळतो. समतोल म्हणजे तराजूची दोन्ही पारडी सारखी. शरीरात पारडी सारखी झाली की कारभार आटोपला! रक्तात सोडियम दर लिटरला साधारण १४० मिलिमोल (क्षार मोजायचं एकक) असतं, पेशीच्या आत जेमतेम १०-१५. पोटॅशियमचं बरोबर उलट, आत १४०च्या आसपास आणि बाहेर ४. ही तफावत आपोआप टिकत नाही. पेशीच्या पडद्यातला पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो, आणि आपण नुसते लोळत पडलो असलो तरी त्याचं इंधन जळतच असतं. (हा पंप १९५७ साली येन्स स्कोऊ यांनी उजेडात आणला, नोबेल मिळायला १९९७ उजाडलं.) पंप बंद पडला की आतबाहेर हळूहळू एकसारखं होतं. खरा समतोल तो, आणि तो मेलेल्या पेशीत सापडतो.

आता 'स्थिती'वरचा आक्षेप. मूळ शब्द अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ साली घडवला, आणि त्यातल्या 'स्टॅसिस'मुळे लोकांना साचलेपण वाटेल ही शंका त्यांनाही आली होती. पुढे त्यांनी खुलासा केला की इथे साचलेपण अभिप्रेत नाही. 'होमिओ'ही त्यांनी मुद्दाम घेतलं, कारण त्याचा अर्थ 'सारखं' असा आहे, 'तेच ते' असा नव्हे. आपलं तापमान पहाटे थोडं उतरलेलं आणि संध्याकाळी थोडं चढलेलं असतं, तेवढी सूट त्या शब्दात आहे. (होमिओपॅथीशी नातं इतकंच, की ग्रीक उपसर्ग एक.) मराठीला तर हा खुलासा करायचीही गरज नाही. न हलणारं ते 'स्थिर'. 'स्थिती' मात्र बिघडते, सुधारते, पालटते. शिवाय 'उत्पत्ती-स्थिती-लय' या त्रयीतली स्थिती म्हणजे तर चक्क पालनपोषण, विष्णूकडचं खातं. निर्माण झालेलं टिकवून धरणं हाच अर्थ इथे हवा आहे.

कुणी 'धातुसाम्य', म्हणजे आयुर्वेदातलं शरीरघटकांचं संतुलन, सुचवील. शब्द देखणा आहे, पण त्यामागे आयुर्वेदाची अख्खी मांडणी उभी आहे. तो उचलून इन्सुलिनच्या परिच्छेदात ठेवला तर दोन्हीकडे घोळ.

आपली रोजची भाषा या बाबतीत फार चोख आहे, हे मात्र सांगायलाच हवं. आपण म्हणतो 'थंडी वाजून ताप आला' आणि 'घाम फुटून ताप उतरला'. क्रम बघा. जंतुसंसर्गात मेंदूतला हायपोथॅलॅमस तापमानाचं लक्ष्य ३७ अंशांवरून समजा ३९वर नेतो. अंग अजून ३७वरच असतं, म्हणजे नव्या हिशेबाने गारच! म्हणून हुडहुडी भरते, हातपाय थंडगार पडतात, दोन गोधड्या पुरत नाहीत. पॅरासिटामॉलने लक्ष्य खाली आलं की तेच अंग जास्त तापलेलं ठरतं आणि घामाने कपडे भिजतात. तापातही राखणं चालूच असतं, फक्त वरच्या आकड्यावर. 'ऊन लागणं' याला मात्र मराठीने वेगळं क्रियापद दिलंय, आणि ते योग्यच. तिथे लक्ष्य ३७वरच असतं, उष्णता बाहेर टाकायची यंत्रणा हरलेली असते. म्हणून उष्माघातात पॅरासिटामॉल कामाचं नाही. अंगावर पाणी मारून, वारा घालून थंड करावं लागतं आणि ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. कोकणातल्या दमट हवेत कमी तापमानातही जीव घाबरा होतो, तो यामुळेच. घाम येतो पण वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय तो उष्णता नेत नाही.

तेव्हा माझं मत असं: संज्ञा म्हणून 'समस्थिती', आणि वाक्यात शक्य तिथे 'राखणे' हे क्रियापद. 'मूत्रपिंडं समस्थितीचे कार्य करतात' यापेक्षा 'मूत्रपिंडं रक्तातलं पाणी आणि क्षार प्रमाणात राखतात' हे सरळ. 'स्थितिस्थापन' नको, कारण 'स्थितिस्थापकता' रबराच्या ताणाला आधीच दिलेली आहे. आणि लिहिताना शेवटचं 'ती' हे अक्षर दीर्घ, पण समासात पुढे शब्द जोडला की ऱ्हस्व: समस्थिती, पण समस्थितिरक्षण.