एकच दिवस आहे? मग हिलरॉडला जा

प्रश्न (जुळे सोलापूरहून एक काका): मुलगा डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला नोकरीला आहे, मे अखेरीस आम्ही दोघं चाललोय. त्याला सुट्टी एकच दिवस आहे, एक राजवाडा आणि बाग नीट बघायचीय. यूट्यूबवर बघितलं तर रोझेनबोर्ग, क्रोनबोर्ग, फ्रेडरिक्सबोर्ग, सगळेच भारी दिसतात ओ. हिचे गुडघे दुखतात, त्यामुळे सारखी पळापळ नको.

काका, डोळे झाकून फ्रेडरिक्सबोर्ग. रोझेनबोर्ग शहराच्या मधोमधच आहे, राजाचे मुकुट आणि दागिने तिथे तळघरात ठेवलेत, बाहेरची बाग फुकट, त्यामुळे ते तुम्ही मुलगा ऑफिसला गेल्यावर दोघं जाऊन आरामात बघू शकता. क्रोनबोर्ग म्हणजे शेक्सपियरच्या हॅम्लेटवालं, समुद्राच्या काठावर, तिथे वारा असा सुटतो की काकूंना कानटोपी लागेल, आणि बागेसाठी तर तिथे कुणी जातच नाही.

फ्रेडरिक्सबोर्ग हिलरॉड गावात आहे, कोपनहेगनहून लोकल ट्रेनने साधारण पाऊण तास. आपलं सिद्धेश्वर मंदिर जसं तळ्यात उभं आहे तसाच हा वाडाही तळ्यात, फक्त तीन छोट्या बेटांवर पसरलेला, लाल विटांचा आणि वर तांब्याचे हिरवट मनोरे. स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात, गुडघ्यांचं बघून मुलाला बस शोधायला सांगा. आणि हो, मॅपमध्ये नाव नीट टाइप करा, कारण कोपनहेगनमध्येच फ्रेडरिक्सबर्ग म्हणून एक भाग आहे, तिथेही वाडा आहे, तिथेही बाग आहे, आणि ट्रेनमध्ये बसल्यावर लक्षात आलं तर दिवस गेलाच म्हणून समजा.

प्रश्न (विजापूर रोडहून एक ताई): बाग फुकट आहे म्हणतात, मग आतलं तिकीट काढावं का? आत जुनं असं खरंच काही उरलंय का, की सगळं नंतर बांधलेलं?

ताई, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर थोडं मोठं आहे. डेन्मार्कचा राजा ख्रिश्चन चौथा 1577 साली याच जागेवरच्या जुन्या वाड्यात जन्मला आणि गादीवर आल्यावर त्यानेच तो बराचसा पाडून 1600 नंतरच्या वीसेक वर्षांत हा नवा बांधला. पुढे 17 डिसेंबर 1859 ला आग लागली, कडाक्याची थंडी, तळं गोठलेलं, पाणी मिळायचे वांधे, आणि आतला बराचसा भाग जळून गेला. मग पैसा कुठून आला तर लोकवर्गणी, सरकार आणि मोठा वाटा कार्ल्सबर्ग बियरवाल्या जे. सी. जेकबसन यांचा, त्यांनीच 1878 मध्ये इथे राष्ट्रीय इतिहासाचं म्युझियम काढायला लावलं. म्हणजे दालनं फिरताना तुम्ही जे बघता त्यातलं पुष्कळसं बियरच्या पैशातून पुन्हा उभं राहिलंय, हे लक्षात ठेवून बघा.

पण चॅपल, म्हणजे वाड्यातलं चर्च, वाचलं. म्हणून तिकीट काढा असं माझं मत. 1671 ते 1840 या काळात डेन्मार्कच्या बहुतेक राजांचा अभिषेक इथेच झाला. वर 1610 सालचा कॉम्पेनियस ऑर्गन आहे, म्हणजे नळ्यांत हवा भरून वाजवायचं मोठं वाद्य, त्याच्या 1001 नळ्या सगळ्या लाकडाच्या, एकही धातूची नाही, आणि अजून वाजतो. भात्याला हवा माणूस भरतो, मोटर नाही. बहुधा गुरुवारी वाजवतात, वेबसाईटवर वेळ बघून त्याच दिवशी जमवलंत तर बेस्ट. भिंतींवर ढालीच ढाली लावलेल्या दिसतील, त्या तिथल्या मोठ्या मानकऱ्यांच्या. सगळ्यात वरचा मान म्हणजे ऑर्डर ऑफ द एलिफंट, त्याचं पदक पांढऱ्या हत्तीचं, पाठीवर बुरूज आणि मानेवर माहूत. डेन्मार्कला हत्ती कुठून सापडला कुणास ठाऊक, पण बघायला मजा येते. नेल्सन मंडेलांनाही हा मान मिळाला होता.

बाग शेवटी ठेवा, मेमध्ये तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, घाई नाही. ती योहान कॉर्नेलियस क्रीगरने 1720 च्या दशकात आखली, मधली बरीच वर्षं तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, शेवटी 1996 पर्यंत पुन्हा तशीच्या तशी लावून काढली. उतारावर टप्प्याटप्प्याने पाणी खाली येतं, दोन्ही बाजूंना कातरलेली झुडपं, त्यात राजांची अक्षरं कोरल्यासारखी उठतात आणि राणी मार्गारेटचंही एक आहे. अक्षरं जवळ उभं राहून कळत नाहीत, वरच्या टप्प्यावर जाऊन मागे वळून बघा. काकूंसाठी सांगते, वर जायला चढ आहे, हळूहळू चढा. वाड्यासमोरच्या चौकातलं नेपच्यूनचं (रोमन समुद्रदेवाचं) कारंजं मात्र नक्कल आहे, मूळ पुतळे स्वीडनच्या सैन्याने 1659 मध्ये उचलून नेले ते आजही स्टॉकहोमजवळ ड्रॉटनिंगहोमच्या राजवाड्यापाशी आहेत, परत काय दिले नाहीत.

प्रश्न (एक कॉलेजचा विद्यार्थी, होटगी रोड): या राजाचा भारताशी काही संबंध होता का? सर म्हणाले होता.

होता की. याच ख्रिश्चन चौथ्याने 1616 मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली आणि 1620 मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला. 1845 ला डेन्मार्कने तरंगमबाडी इंग्रजांना विकून टाकली. किल्ला अजून आहे, डेन्मार्कचं तिकीट परवडत नसेल तर आधी तो बघून ये.

प्रश्न (पुन्हा जुळे सोलापूरचे काका): सोबत खायला काय न्यावं?

कडक भाकरी आणि शेंगाचटणी खुशाल न्या, पण तूप, पेढे, खवा नको, बाहेरून युरोपात दुधाचे आणि मटणाचे पदार्थ नेता येत नाहीत. पैसे क्रोनमध्ये लागतात, युरो चालतील या भरवशावर राहू नका. डबा बागेतल्या बाकावर उघडा, म्युझियमच्या आत नको, आणि चटणीचं पाकीट घट्ट बांधा नाहीतर बॅगेतले सगळे स्वेटर लाल होतील.