बायोलॉजी वाचून होतं, मग पेपरात जातं कुठे? (वाचकांचे प्रश्न)

परीक्षा जवळ आली की या सदरात सगळ्यात जास्त प्रश्न बायोलॉजीचे येतात, आणि त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येतात. म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न: ताई, माझं बायोलॉजीचं पुस्तक तीनदा वाचून झालंय, अर्धं पुस्तक हायलायटरने पिवळं झालंय. वाचताना सगळं कळतं पण सराव पेपर समोर आला की डोकं एकदम ब्लँक. फायनलला दीड महिना आहे, चौथ्यांदा वाचू की नोट्स काढू?

दोन्ही नको, पुस्तक मिट आधी. तुला जे होतंय ते अगदी सगळ्यांना होतं. तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की आपण समजतो येतंय. पण पेपरात ओळखायचं नसतं ना, कोऱ्या कागदावर स्वतःहून काढायचं असतं, आणि त्याची प्रॅक्टिस तू एकदाही केलेली नाहीस. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे नीट तपासून दाखवलं होतं. विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे वाचून जो कॉन्फिडन्स येतो तो खोटा नाही, फक्त टिकत नाही.

आता करायचं काय ते एका धड्यावर दाखवते. किडनी घे. कोरा कागद, मध्ये नेफ्रॉनची (किडनीतली रक्त गाळणारी बारीक नळी) ढोबळ आकृती, सुबक नको. प्रत्येक भागाशी थांबून दोनच गोष्टी लिही, इथे काय होतं आणि का होतं. ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे नळीच्या सुरुवातीच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंत्यात, रक्त गाळलं जातं, हे सगळे लिहितात. का? कारण आत येणारी रक्तवाहिनी रुंद आणि बाहेर जाणारी अरुंद, त्यामुळे आत दाब वाढतो, आणि त्या दाबाने पाणी, ग्लुकोज, युरिया, क्षार बाहेर ढकलले जातात, रक्तपेशी आणि मोठी प्रोटीन्स आतच राहतात. दिवसाला असं साधारण १८० लिटर गाळलं जातं आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास, मग बाकीचं गेलं कुठे? हा प्रश्न स्वतःला विचारलास की पुढच्या नळीत काय होतं ते लिहावंच लागतं, ग्लुकोज सगळं परत, पाणी आणि क्षार बरेचसे परत. जिथे पेन अडेल तिथे लाल खूण कर आणि थांबू नकोस, पुढे जा. पूर्ण झालं की मगच पुस्तक उघडायचं आणि फक्त लाल खुणांपुरतं वाचायचं.

बहुतेकांची गाडी एडीएच या शरीरात पाणी राखणाऱ्या हार्मोनपाशी अडते, तुझीही अडेल. तिथे उलटा प्रश्न घालून बघ: खूप घाम गेलेल्या माणसाची लघवी गडद आणि कमी का होते? घामाने पाणी गेलं, रक्त घट्ट झालं, ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळलं, त्याखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून एडीएच जास्त सुटलं, कलेक्टिंग डक्टच्या (नेफ्रॉनच्या शेवटच्या नळीच्या) भिंतीतून पाणी जास्त आरपार जायला लागलं, ते रक्तात परत गेलं, म्हणून लघवी कमी आणि घट्ट. सहा कड्या आहेत, मधली एक जरी गाळलीस तरी मार्क जातो. आता हेच भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाबद्दल लिही, आणि मग डायबिटीसमध्ये लघवीत ग्लुकोज का येतं तेही (ग्लुकोज परत घेणारे वाहक प्रोटीन ठरावीकच असतात, ते सगळे बिझी झाले की उरलेलं वाहून जातं). एकाच पानातून तीन प्रश्न निघाले बघ, आणि पेपर काढणारेही असेच काढतात.

आज केलेला धडा उद्या परत, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, दरवेळी कोऱ्या कागदावर. दुसऱ्या वेळी निम्मं विसरलेलं असेल आणि वैताग येईल, येऊ दे, त्या वैतागातच अभ्यास होत असतो. हायलायटर धाकट्या भावंडाला चित्रं रंगवायला देऊन टाक.

प्रश्न: मायटोसिस आणि मायोसिसमध्ये माझा कायम घोळ होतो. स्टेजेसची नावं पाठ आहेत तरी होतो.

नावं पाठ आहेत म्हणूनच होतो! दोन्ही पेशी विभाजनाचेच प्रकार, मायटोसिस साध्या पेशींचं आणि मायोसिस अंडं-शुक्राणू बनवणारं. नावं बाजूला ठेव आणि क्रोमोसोम मोज. माणसाच्या पेशीत ४६. विभाजनाआधी डीएनएची कॉपी होते, तेव्हाही क्रोमोसोम ४६च धरायचे पण क्रोमॅटिड (कॉपी झालेल्या क्रोमोसोमच्या दोन प्रती) ९२, कारण दोन क्रोमॅटिड अजून एका सेंट्रोमिअरला, म्हणजे जोडाच्या जागेला, चिकटलेले असतात. इथेच निम्म्या वर्गाची दांडी गुल होते. मायटोसिसमध्ये हे क्रोमॅटिड वेगळे होतात, दोन पेशी, दोन्हींत ४६. मायोसिसच्या पहिल्या फेरीत क्रोमॅटिड सुटतच नाहीत, जोड्या सुटतात, आईकडून आलेला एका बाजूला आणि वडिलांकडून आलेला दुसऱ्या, म्हणून २३ पण प्रत्येक अजून डबल. दुसऱ्या फेरीत क्रोमॅटिड सुटतात, चार पेशी, प्रत्येकीत २३.

दोन रंगांची पेनं घे आणि फक्त चार क्रोमोसोमची पेशी काढून दोन्ही विभाजनं शेजारी-शेजारी काढ. मायोसिसमध्ये जोडीतले क्रोमोसोम तुकडे बदलतात त्या क्रॉसिंग ओव्हरमध्ये रंगांचे तुकडे अदलाबदल होतात ते डोळ्याला दिसतं, मग व्हेरिएशन कुठून येतं हा प्रश्न पाठ करावा लागत नाही. नावं शेवटी चिकटव.

प्रश्न: उत्तरं मोठी लिहिते तरी मार्क कापतात. मॅडम नुसतं "मोघम" असा शेरा मारतात. नेमकं काय चुकतं?

तुझे पेपर मी बघितले नाहीत, पण वर्षानुवर्षं तपासलेल्या पेपरांवरून अंदाज सांगते. पहिलं म्हणजे काही वाक्यं अशी असतात की ती दिसली की तपासणाऱ्याचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. "जास्त तापमानाला एन्झाइम मरतं." अगं, ते जिवंत कधी होतं? त्याचा आकार बिघडतो, अ‍ॅक्टिव्ह साइटचा आकार बदलतो, सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) तिथे बसत नाही, असं लिही. "झाडं दिवसा फोटोसिंथेसिस करतात आणि रात्री श्वसन." श्वसन चोवीस तास चालू असतं, दिवसा उजेडात फोटोसिंथेसिसचा वेग जास्त असतो म्हणून एकूण हिशोबात ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो. "जिराफाला उंच पानं हवी होती म्हणून मान लांब झाली." हवी असून काही होत नाही, आधीच थोडी लांब मान असलेले जास्त जगले, त्यांना पिल्लं जास्त झाली आणि ते जीन पुढच्या पिढीत वाढले. "बॅक्टेरिया अँटिबायोटिकला इम्यून झाले" हेही नको, रेझिस्टंट लिही, बॅक्टेरियाला आपल्यासारखी इम्यून सिस्टिम नसते. आणि ऑस्मोसिसमध्ये "पदार्थ" हलवू नकोस, पाणी हलतं, आणि अर्धपार्य पटलाचा उल्लेख नसेल तर उत्तर अर्धवटच.

दुसरं, प्रश्नाचं क्रियापद. "वर्णन करा" म्हटलं की काय दिसतंय ते सांगायचं, ग्राफ असेल तर आकडे उचलून सांगायचं, कारण नको. "स्पष्ट करा" म्हटलं की कारण हवंच. "तुलना करा"ला धमनीबद्दल एक परिच्छेद आणि शिरेबद्दल दुसरा असं लिहिलंस तर तुलना तपासणाऱ्याला करावी लागते, आणि तो कशाला करेल? एकाच वाक्यात दोघींना आण, धमनीची भिंत जाड, शिरेची पातळ, आणि साम्य विचारलं असेल तर साम्यही. मोठं लिहिण्याचा तसा काही उपयोग नाही, तीन मार्कांना तीन वेगळे मुद्दे लागतात, एकच मुद्दा तीनदा फिरवून लिहिला तरी मार्क एकच.

प्रश्न: माझी चित्रकला फार वाईट आहे. आकृत्यांचे मार्क सोडून देऊ का?

अजिबात नको, उलट सगळ्यात स्वस्त मार्क तेच आहेत. चित्रकला कोणी बघत नाही. टोकदार पेन्सिल, एकसंध रेघ, शेडिंग नाही, भागांची प्रमाणं बरी. लेबलची रेघ पट्टीने आणि ती त्या भागाला टेकलीच पाहिजे, हवेत तरंगणारी रेघ म्हणजे मार्क गेला. रेघा एकमेकींना कापू देऊ नकोस. सोबत मॅग्निफिकेशनचं गणित येतं, तेही शिकून घे, चित्रातलं माप भागिले खरं माप, संपलं. चित्रात पेशी ४५ मिलिमीटर आणि मॅग्निफिकेशन १५०० पट, तर खरं माप ०.०३ मिलिमीटर, म्हणजे ३० मायक्रोमीटर. एका मिलिमीटरमध्ये १००० मायक्रोमीटर हे विसरलं की सगळं गेलं. उत्तर काढल्यावर क्षणभर विचार कर, पेशी तीन सेंटिमीटरची आली असेल तर शून्यं कुठेतरी सांडलीत.

प्रश्न: जेनेटिक्सची गणितं कधी बरोबर येतात, कधी चुकतात. का ते कळत नाही.

घाईत थेट चौकट काढतोस म्हणून. आधी आई-वडिलांचे जीनोटाइप (प्रत्येकाकडे कोणते जीन आहेत) लिही, मग गॅमीट (अंडं-शुक्राणू), ते गोलात, आणि मगच त्यांच्या जोड्या लावायची चौकट. आणि प्रश्न दोनदा वाच. रंगांधळेपणाचं नेहमीचं उदाहरण घे, आई कॅरियर (जीन आहे पण स्वतः रंगांध नाही), वडील नॉर्मल. मूल रंगांध असण्याची शक्यता किती? २५ टक्के. मुलगा रंगांध असण्याची म्हणजे "झालेला मुलगाच आहे, तो रंगांध असेल का" असं विचारलं तर ५० टक्के. चौकट तीच, उत्तर वेगळं.

अजून एक, चौकटीतून ३:१ आलं म्हणजे चार मुलांत बरोबर एक असं नाही, प्रत्येक मुलाच्या वेळी फासा नव्याने पडतो. मेंडेलला स्वतःला वाटाण्याच्या ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या बिया मिळाल्या होत्या, भागून बघ, २.९६ येतं, नेमकं तीन नाही. आणि एवढं जवळ आलं ते बिया हजारोंनी मोजल्या म्हणून.

प्रश्न: मॅडम नमस्कार, माझी मुलगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून बायोलॉजी करते. मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, तिला मदत कशी करू? नवीन गाईड आणून देऊ का?

गाईड नको, आहे तेच खूप आहे. तिला आधी झोपवा. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते, जागून चार पानं जास्त वाचली तरी सकाळी त्यातलं फारसं हाती लागत नाही. आणि तुम्हाला विषय कळत नाही हे चांगलंच आहे. रोज पंधरा मिनिटं तिच्यासमोर बसा आणि एक विषय समजावून सांगायला सांगा, हृदयातून रक्त कसं फिरतं, लस दिल्यावर शरीरात काय होतं, काहीही. तुमचं काम फक्त "म्हणजे काय?" आणि "का?" विचारायचं. ती "असं पुस्तकात आहे" म्हणाली की समजा तिला तिथे येत नाहीये, आणि हे तिच्याही लक्षात येईल. चूक दाखवायला जाऊ नका, मार्कांचा विषय तर काढूच नका त्या पंधरा मिनिटांत.

प्रश्न: प्रयोगांवरचे प्रश्न थिअरीच्या पेपरात येतात, त्यांचा वेगळा अभ्यास करायचा का?

हो, पण वेळ कमी लागतो. प्रत्येक प्रयोगाला तेच विचारायचं: मी काय बदलतोय, काय मोजतोय, काय काय सारखं ठेवतोय आणि कंट्रोल कोणता. अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) आणि स्टार्चचा प्रयोग घे. तापमान बदलायचं, स्टार्च असेपर्यंत आयोडीनचा येणारा निळा-काळा रंग थांबायला किती वेळ लागतो ते मोजायचं, पीएच बफरने सारखा ठेवायचा, एन्झाइम आणि स्टार्चचं प्रमाण आणि तीव्रता सारखी, आणि कंट्रोल म्हणून उकळून थंड केलेलं एन्झाइम. स्टार्च आणि एन्झाइम एकत्र करण्याआधी दोन्ही वेगवेगळे त्या तापमानाला आणायचे, हे फार कमी जण लिहितात. आणि प्रयोग तीनदा का करायचा असं विचारलं तर "अचूकतेसाठी" एवढंच लिहून पळू नकोस, एखादा आकडा वेगळा पडला तर तो ओळखता येतो आणि सरासरीवर जास्त भरवसा ठेवता येतो, असं पूर्ण लिही.