'रिकामा डोंगर' रिकामा कसा?

प्रश्न असा की चिनी कवी वांग वेइच्या कवितेत सुरुवातीलाच 'रिकामा डोंगर' येतो, पण पुढे रान आहे, शेवाळ आहे, माणसांचं बोलणंपण आहे, मग रिकामं काय? आणि हे आपलं 'शून्य'च का?

आधी कविता. 8व्या शतकातली, तांग काळातली, 4 ओळी, 20 अक्षरं, बस्स. छांगआनजवळ (तेव्हाची राजधानी) वांगछुआन खोऱ्यात वांग वेइची जागा होती, तिथल्या 20 ठिकाणांवर त्याने आणि त्याचा मित्र फेइ दी याने एकेक कविता केली, त्यातली ही. भावार्थ असा: रिकाम्या डोंगरात माणूस दिसत नाही, नुसतं बोलणं घुमतं, परतीचं ऊन दाट रानात शिरतं नि पुन्हा शेवाळावर पडतं.

मूळ शब्द 'खोंग'. रोजच्या भाषेत रिकामं, मोकळं. पण बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा संस्कृत 'शून्य'ला हाच शब्द रुळला. म्हणजे हो, आपलंच शून्य, पण गणितातलं नव्हे, बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचं: वस्तू नाहीच असं नाही, ती स्वतःच्या बळावर उभी नाही, कशा ना कशावर अवलंबून आहे. आता कविता परत बघा. माणूस नाही, त्याचा घुमलेला आवाज आहे. सूर्य नाही, त्याचं परतलेलं ऊन आहे. दोन्ही दुसऱ्यामुळे असलेल्या गोष्टी, नि कवीने एकदाही उपदेश केलेला नाही!

हे मी ओढूनताणून लावतोय असं वाटेल, पण वांग वेइचं मोठेपणीचं दुसरं नाव होतं मोज्ये, आणि वेइ अधिक मोज्ये म्हणजे वेइमोज्ये, विमलकीर्ती या बौद्ध सूत्रातल्या गृहस्थ ज्ञानी माणसाच्या नावाचं चिनी रूप. कुमारजीव या बौद्ध भिक्षू-अनुवादकाने 406 साली छांगआनमध्येच विमलकीर्तीचं सूत्र चिनीत आणलं, त्यात देहाला फेस, बुडबुडा, आत गाभा नसलेली केळ, स्वप्न, सावली, प्रतिध्वनी अशा उपमा आहेत. त्यातलं 'सावली' आणि 'प्रतिध्वनी' यांचं अक्षर कवितेतल्या 'ऊन' आणि 'घुमणं' यांच्याशी जुळतं ('सावली' हा शब्द आधी उन्हाच्याच अक्षराने लिहीत). हा योगायोग असेल असं मला तरी वाटत नाही.

मराठीत मी 'सुना डोंगर' म्हणेन, कारण सुना हा शून्यातूनच आलाय, फक्त आपल्या 'घर सुनं सुनं वाटतं'मधला उदासपणा तिकडे नाही, तेवढं सांभाळा.

आणि प्रत्येक 'खोंग'मध्ये तत्त्वज्ञान शोधायची गरज नाही हं. त्याच्याच दुसऱ्या एका कवितेत नुकत्याच पडलेल्या पावसानंतरचा 'रिकामा डोंगर' आहे, तिथे बांबूत गलबला होतो तो कपडे धुवून घरी निघालेल्या पोरींचा, तिथे मी सरळ 'निवांत' लिहीन.