वाचकांचे प्रश्न: थीम पार्कची सुट्टी, पण जरा निवांत

या वेळची पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात आली, पार्कात काय बघावं हे फारसं कुणी विचारत नाहीये, सगळे विचारतायत की न दमता कसं बघावं. त्यातली काही इथे घेतेय, उत्तरं लहानमोठी आहेत, ज्यात सांगण्यासारखं जास्त होतं तिथे जास्त लिहिलंय.

प्रश्न: ताई, आम्ही सहा जण अमेरिकेत ऑरलँडोला चाललोय. मी, नवरा, सासूसासरे, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ४ वर्षांचा. पाच दिवस आहेत. नवऱ्याने एक्सेल शीट केलीय, त्यात सकाळी साडेसातपासून रात्रीच्या फटाक्यांपर्यंत दर अर्ध्या तासाला काहीतरी लिहिलंय, डिस्नीचे चार पार्क चार दिवसांत आणि पाचव्या दिवशी युनिव्हर्सल. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मला ती शीट बघूनच झोप येतेय. काय कमी करू?

उत्तर: युनिव्हर्सल काढून टाका, आणि उरलेल्या चारांतला हॉलीवूड स्टुडिओजपण काढा. नवऱ्याला राग येईल, येऊ द्या. तिथल्या गाजलेल्या बऱ्याच राइड्सना उंचीची अट आहे आणि तुमचा ४ वर्षांचा मुलगा आणि आजी दोघंही अर्धा दिवस बाहेर बाकावर बसून राहतील.

बऱ्याच जणांना वाटतं की डिस्नी वर्ल्ड म्हणजे एक मोठं आवार आणि त्यात चार भाग. तसं नाहीये. ही जागा सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे, चारही पार्क एकमेकांपासून लांब, मध्ये हायवेसारखे रस्ते, प्रत्येक पार्कला वेगळं गेट. मॅजिक किंगडम १९७१ मध्ये उघडलं, एपकॉट १९८२, हॉलीवूड स्टुडिओज १९८९ आणि अ‍ॅनिमल किंगडम १९९८. त्यांना बांधायला २७ वर्षं लागली आणि तुमचे साहेब ते चार दिवसांत उरकायला निघालेत!

मी असं करीन. पहिल्या दिवशी मॅजिक किंगडम, सकाळी गेट उघडताना हजर आणि जेवणाच्या वेळेला बाहेर. दुसऱ्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम, तेही सकाळीच, कारण ऊन तापलं की प्राणी सावलीत जाऊन पडतात आणि मग सफारीच्या ट्रकमधून फक्त झाडं दिसतात (सफारीत बसूनच जायचं असलं तरी ट्रक चांगलाच हादरतो, सासूबाईंची कंबरपण दुखत असेल तर आधी सांगून ठेवा). तिसरा दिवस पूर्ण मोकळा, हॉटेलचा पूल, झोप, कपडे धुणं, काहीही. हा दिवस शेवटी नको, मध्येच हवा, शेवटी ठेवलेली विश्रांती नेहमी शॉपिंगमध्ये जाते. चौथ्या दिवशी परत मॅजिक किंगडम, राहिलेलं आणि आवडलेलं. पाचव्या दिवशी एपकॉट, पण दुपारनंतर.

परत तोच पार्क कशाला, असं शीटवाले विचारतील. तर लहान मुलांना आवडलेली गोष्ट परत करायची असते, नवीन गोष्टीपेक्षा त्यात त्यांना जास्त मजा येते, आणि दुसऱ्या वेळेला रस्ते माहीत असतात, बाथरूम कुठे ते माहीत असतं, मोठ्यांचा निम्मा ताण तिथेच कमी होतो.

दुपारी बाहेर पडायचं याला माझा फार आग्रह आहे. दुपारी रांगा सगळ्यात लांब असतात, ऊन असतं, आणि फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात दुपारी विजांसह पाऊस येतो, वीज जवळ आली की बाहेरच्या राइड्स थांबवतात, म्हणजे सगळी गर्दी आतल्या राइड्सकडे पळते. तिकीट तेच चालतं, त्याच दिवशी संध्याकाळी परत आत जाता येतं. फक्त मॅजिक किंगडमची एक गोची आहे. तिथलं पार्किंग गेटजवळ नाही, गाडी लावल्यावर मोनोरेलने किंवा बोटीने तळ्यापलीकडे जायचं असतं, त्यामुळे गाडीने येणाऱ्यांचा जायला-यायला बराच वेळ जातो. तुमचं हॉटेल लांब असेल तर त्या पार्कात दुपारी बाहेर न पडता आतच बसायच्या जागा शोधा. त्याच पार्कातल्या टुमॉरोलँड नावाच्या भागात पीपलमूव्हर आहे, वरून संथ फिरवणारी गाडी, साधारण दहा मिनिटं, आणि बाजूलाच कॅरसेल ऑफ प्रोग्रेस हा शो, वीसेक मिनिटं एसीत बसायला मिळतं. शो जुनाट आहे पण खुर्च्या चांगल्या आहेत :)

एपकॉटला अकरा देशांचे मंडप तळ्याभोवती आहेत आणि तो फेरा जवळजवळ दोन किलोमीटरचा आहे. तिथे सासूबाईंसाठी व्हीलचेअर गेटवरच भाड्याने घ्या. त्या नाही म्हणतील हे नक्की, मी चालू शकते वगैरे. त्यांना सांगा की पिशव्या ठेवायला घेतोय. तासाभरात बसतील.

आणि ती शीट टाकून देऊ नका, माणसाने मेहनत घेतलीय. त्यातून फक्त रांग टाळायच्या बुकिंगच्या वेळा ठेवा, बाकी कॉलम पुसा आणि प्रत्येकाला विचारा की तुझी एकच गोष्ट कोणती जी झालीच पाहिजे. सहा माणसं, सहा गोष्टी, चार दिवस. आरामात बसतं.

प्रश्न: माझा मुलगा ९८ सेंटिमीटर आहे. बऱ्याच राइड्सला १०२ लागतं असं वाचलं. जाड सोलचे बूट घातले तर चालेल का? आणि एका मुलाला घेतलं नाही तर आम्ही दोघांनी पण सोडायची का ती राइड?

उत्तर: बुटांचं नका करू. उंचीची अट सेफ्टी बारसाठी असते, मूल लहान असेल तर बार त्याला नीट धरत नाही, आणि आतल्या जादा सोलने पाय लांब होतात, धड नाही. शिवाय गेटवरचा माणूस मोजतो आणि प्रत्येक राइडला परत मोजतात.

जायच्या आधी घरी अनवाणी मोजा आणि पार्कच्या साइटवर यादी बघा. डिस्नी वर्ल्डचंच उदाहरण घ्या, स्लिंकी डॉग डॅशला ९७ सेंमी लागतं म्हणजे तुमचा मुलगा बसतो, टॉवर ऑफ टेररला १०२, स्पेस माउंटनला ११२. पीटर पॅन, पायरेट्स, हाँटेड मॅन्शन यांना उंचीची अट नाही, पण अंधार आहे, ते तुम्ही तुमच्या मुलाचं बघून ठरवा. आणि घरीच सांगून टाका की अमुक राइड तुला पुढच्या वेळी. गेटवर कळलं की मग जे रडणं होतं त्याला काही उपाय नाही.

दोघांनी सोडायची अजिबात गरज नाही. डिस्नीत रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्वॅप. राइडच्या दारातल्या स्टाफला सांगायचं, एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग थांबलेल्याला पूर्ण रांग परत लावायला लागत नाही. फुकट असतं. मोठं भावंड असेल तर बहुतेक वेळा त्याला दोनदा बसायला मिळतं, त्यामुळे ते खूश.

प्रश्न: रांग टाळायचे पैसे भरावेत का? आधी हे फुकट होतं ना?

उत्तर: हो, डिस्नीने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तिकिटातच होता, अमेरिकेतल्या पार्कात २०२१ मध्ये तो गेला आणि पैसे देऊन घ्यायची पद्धत आली, आता त्याला लाइटनिंग लेन म्हणतात. चिडण्यात अर्थ नाही, पण रोज घ्यायचीही गरज नाही. मी म्हणेन सगळ्यात गर्दीच्या पार्कात एक दिवस घ्या, बाकी दिवशी लवकर पोचा. पहिला एक तास आणि शेवटचा एक तास यात जेवढं होतं तेवढं दुपारच्या तीन तासात होत नाही. पार्क बंद व्हायच्या वेळेआधी रांगेत शिरलात तर सहसा राइड मिळते, हेही लक्षात ठेवा.

डिस्नी वर्ल्डच्याच हॉटेलात राहणार असाल तर रोज अर्धा तास आधी आत सोडतात आणि लाइटनिंग लेनचं बुकिंग सात दिवस आधी करता येतं, बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी. हॉटेल ठरवताना हे धरा.

रांगेत उभं राहायचंच असेल तर मुलांना काहीतरी करायला द्या. डेव्हिड मेस्टर म्हणून एकाने १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिलं होतं, त्यात हेच आहे की रिकामा बसलेला वेळ जास्त लांब वाटतो आणि किती थांबायचंय ते माहीत नसेल तर अजूनच लांब. पार्कवाले हे पाठ करून बसलेत, उगाच नाही रांगेत भिंतीवर एवढं काय काय लावून ठेवत. फोन शेवटी काढा, आधी गोष्टी, कोडी, नावं ओळखा.

प्रश्न: मुलगी १५ वर्षांची, तिला सगळे रोलरकोस्टर करायचेत. मला झोपाळ्यावर पण गरगरतं. सोबत जाऊ की नको?

उत्तर: नको. मोठ्या कोस्टरला सिंगल रायडर रांग असते का बघा, सुटे बसायची तयारी असेल तर ती खूप भराभर सरकते आणि १५ वर्षांच्या मुलीला आईशेजारी बसायची तशीही हौस नसते. भेटायची जागा आणि वेळ ठरवा, तुम्ही सावलीत बसा.

गरगरण्याचं एक सांगते, कोस्टरपेक्षा स्क्रीनसमोर हलणाऱ्या राइड्स जास्त त्रास देतात. डोळ्याला वाटतं आपण उडतोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की खुर्चीतच आहोत, या भांडणात मळमळ होते. मध्येच त्रास झाला तर स्क्रीनवरून नजर काढा, डोळे मिटा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि राइडच्या आधी, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि बऱ्याच गोळ्यांनी झोप येते हेही धरा.

प्रश्न: गर्दीत मूल हरवलं तर?

उत्तर: सकाळी निघताना त्या दिवसाच्या कपड्यात फोटो काढून ठेवा. फोन नंबर हातावर पेनने किंवा बँडवर. आत गेल्यावर मुलाला नावाचा बिल्ला लावलेला स्टाफ दाखवा, हरवलास तर यांच्याकडे जायचं, आम्हाला शोधत फिरायचं नाही. डिस्नी वर्ल्डमध्ये सापडलेली लहान मुलं बेबी केअर सेंटरला नेतात, ते मॅपवर आधीच बघून ठेवा.

प्रश्न: एवढं मोठं काही नकोच वाटतंय. मुलं ३ आणि ६ वर्षांची, सोबत आईबाबा. दुसरं काही आहे का?

उत्तर: आहे की! मला तर लहान मुलांसोबत हेच आवडतं. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचं टिवोली पार्क १८४३ पासून आहे, शहराच्या मध्यात, मुख्य रेल्वे स्टेशनच्या समोरच. तिथे आत जायचं तिकीट वेगळं आणि राइड्सचं वेगळं, म्हणजे आजीआजोबांनी नुसती एंट्री घेऊन बागेत बसायचं. १९१४ चा लाकडी कोस्टर अजून चालतो आणि त्यात ब्रेक लावायला एक माणूस बसलेला असतो. नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग १९५२ चं, त्यातलं परीकथांचं जंगल पायी फिरायचं आहे, ३ वर्षांच्या मुलाचा अख्खा दिवस त्यातच जाईल. डेन्मार्कमध्येच बिलुंडला पहिलं लेगोलँड आहे, १९६८ चं, ते ६ वर्षांच्याला जास्त आवडेल.

फक्त जायच्या तारखा आधी बघा, युरोपातले हे पार्क बरेचदा सीझनप्रमाणे उघडतात, टिवोली आणि लेगोलँड वर्षातले काही महिने बंदच असतात. विमानाचं तिकीट काढायच्या आधी पार्कचं कॅलेंडर उघडा, आणि तिथल्या शाळांच्या सुट्ट्या कधी तेही, त्या टाळल्या की गर्दीचा निम्मा प्रश्न सुटतो.