वाचकांचे प्रश्न : धोरण ठरविण्याच्या प्रक्रियेची कार्यक्षमता कशी मोजावी?

प्रश्न : मी परळ येथील एका सार्वजनिक विश्वस्त संस्थेचा सचिव आहे. संस्थेची रुग्णसेवा केंद्रे, ग्रंथालय आणि विद्यार्थी वसतिगृह मुंबईत निरनिराळ्या ठिकाणी चालतात. सेवकभरती, शुल्कसवलत, खरेदी अशा विषयांवरील धोरणे ठरण्यास फार विलंब होतो, अशी तक्रार आल्यामुळे विश्वस्त मंडळाने या प्रक्रियेची कार्यक्षमता मोजून अहवाल देण्यास मला सांगितले आहे. वर्षभरात किती धोरणे संमत झाली आणि प्रत्येकास सरासरी किती महिने लागले, एवढे मांडणे पुरेसे होईल का? (एक वाचक, परळ)

उत्तर : एवढेच मांडल्यास मंडळाचा गैरसमज होण्याचा संभव आहे. संमत धोरणांची संख्या हे कार्यक्षमतेचे माप नव्हे. ज्या वर्षी पाच किरकोळ विषय निकाली निघाले ते वर्ष, ज्या वर्षी शुल्कसवलतीसारखा एकच अवघड विषय नीट मार्गी लागला त्या वर्षापेक्षा कागदावर सरस दिसेल. सरासरीचेही तसेच आहे. समजा, दहा धोरणांपैकी नऊ प्रत्येकी चार महिन्यांत झाली आणि एक तीन वर्षे रखडले, तर सरासरी ७.२ महिने येते, आणि इतका काळ त्यांपैकी एकाही धोरणाला लागलेला नसतो. म्हणून सरासरीऐवजी मध्यक द्यावा, म्हणजे कालावधी चढत्या क्रमाने लावून मधली किंमत घ्यावी, आणि रखडलेल्या विषयांची स्वतंत्र दखल घ्यावी. याहून महत्त्वाचे असे की, केवळ पूर्ण झालेल्या धोरणांचा काळ मोजला तर सर्वांत जास्त अडकलेले विषय, ते अद्याप पूर्ण न झाल्यामुळेच, हिशेबातून निसटतात. अहवालाच्या दिवशी प्रलंबित असलेला प्रत्येक विषय कोणत्या तारखेपासून प्रलंबित आहे, ते अवश्य नोंदवावे.

आता मुख्य कामाकडे येऊ. विषय प्रथम मांडला गेला, मसुदा लिहिण्याचे काम कोणाकडे सोपविले, पहिला मसुदा आला, केंद्रांकडे अभिप्रायासाठी गेला, अभिप्राय परत आले, मंडळापुढे ठेवला, ठराव झाला आणि प्रत्यक्ष अंमल सुरू झाला, या टप्प्यांच्या तारखा आपल्या इतिवृत्तांत व आवक-जावक नोंदवहीत बहुधा सापडतील. त्या एका तक्त्यात मांडल्या की दोन टप्प्यांमधील अंतरापैकी किती काळ खरोखर काम चालू होते आणि किती काळ कागद नुसता पडून होता, हे पाहता येते. समजा, एका खरेदी धोरणास ३०० दिवस लागले आणि त्यांपैकी लेखन, चर्चा व दुरुस्ती यांचे दिवस जेमतेम २४ भरले, तर कामाचा वाटा ८ टक्के झाला. अशा वेळी मसुदा लिहिणाऱ्यास घाई करून काहीही साधणार नाही. उरलेले दिवस कोठे गेले, ते शोधावे लागते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, विषय कार्यक्रमपत्रिकेत शेवटी असल्याने दोनदा पुढे ढकलला गेला, की एका केंद्राचा अभिप्राय आलाच नाही? माझ्या मते हा तक्ता हाच आपल्या अहवालाचा गाभा असावा, कारण मंडळाला स्वतःच्या सभांचे वेळापत्रक बदलावेसे वाटेल ते यामुळेच.

मात्र वेग हे अर्धेच माप आहे. मुंबईच्या २०१४ ते २०३४ या काळाच्या विकास आराखड्याचा अनुभव येथे उपयोगी पडेल. त्याचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यातील चुकांवर नागरिकांनी मोठ्या संख्येने हरकती घेतल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो नव्याने तपासून दुरुस्त करण्यास सांगितले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले, आणि नवे नियम १ सप्टेंबर २०१८ पासून अमलात आले. जागेवरच्या वस्तुस्थितीची पडताळणी आधी पुरेशी झाली नाही, तर पुढे तेच काम पुन्हा करावे लागते आणि वाचविलेला वेळ कित्येक पटींनी खर्च होतो. आपल्या संस्थेतही संमतीनंतरच्या पहिल्या वर्षात धोरणावर किती शुद्धिपत्रके व खुलाशाची परिपत्रके काढावी लागली, किती प्रकरणांत अपवाद करावा लागला आणि किती केंद्रांनी ते प्रत्यक्षात पाळले, याची मोजदाद करावी. मसुदा किती वेळा बदलला, एवढ्यावरून दोष काढू नये. चर्चेतून सुधारलेला मसुदा चांगलाच असतो. वसतिगृहाच्या अधीक्षकांना अगदी शेवटी विचारल्यामुळे करावा लागलेला बदल मात्र प्रक्रियेतील उणीव दाखवितो.

एक सावधगिरी बाळगावी. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात दाखविले होते की, एखाद्या आकड्याचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला की तो पूर्वीसारखा भरवशाचा राहत नाही. मसुदा ६० दिवसांत पूर्ण झालाच पाहिजे, असे बंधन घातले तर विषयाची नोंदच उशिरा केली जाईल. म्हणून हे आकडे प्रक्रिया सुधारण्यासाठीच वापरावेत, कोणा सेवकाच्या गोपनीय अहवालात ते जाऊ नयेत, अशी शिफारस आपण मंडळाला स्पष्ट शब्दांत करावी.

प्रश्न : आमच्या कर्मचारी पतसंस्थेत नियम बदलण्यापूर्वी सभासदांच्या सूचना मागविल्या जातात. त्यात जाणारा महिना वाया गेला असे काही संचालक मानतात. तो विलंबात धरावा का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : धरू नये. सूचना मागविणे हे प्रक्रियेतील काम आहे, खोळंबा नव्हे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये कायद्यांच्या मसुद्यांवर लोकांची मते घेण्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत ठरविली, आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये आपल्या विनियमांसाठी किमान २१ दिवसांची. आपला महिना या मानाने अवाजवी नाही. त्या महिन्यात काय घडले, ते मात्र मोजावे: सूचना सर्व विभागांतील सभासदांकडून आल्या की कार्यालयात बसणाऱ्या मोजक्यांकडूनच, आणि किती सूचनांना, त्या मान्य असोत वा अमान्य, कारणांसह उत्तर दिले गेले. नियमबदल उपविधीतील असेल तर निबंधकांकडे नोंदणी झाल्याशिवाय तो अमलात येत नाही. तो काळ संचालक मंडळाच्या हातातील नसल्याने तक्त्यात वेगळ्या रकान्यात दाखवावा.