आर्क्टिकमध्ये कारखाने नसताना तिथल्या लोकांच्या शरीरात विषारी रसायने कुठून येतात? धोका कळल्यावरही ते सील आणि व्हेल खाणे का सोडत नाहीत?

मी पर्यावरण-रसायनशास्त्र शिकवतो आणि वर्गात दरवर्षी आपले हे दोन्ही प्रश्न येतात. पहिल्याचे उत्तर देणे तुलनेने सोपे आहे.

१९८० च्या दशकात क्वेबेकमधील संशोधक एरिक देवायी मातांच्या दुधातील पीसीबी या औद्योगिक रसायनाचे प्रमाण मोजत होते. तुलनेसाठी प्रदूषणापासून दूरचे नमुने हवेत, म्हणून त्यांनी उत्तरेकडील नुनाविकच्या इनुइट (आर्क्टिकमधील मूळ रहिवासी) मातांचे दूध तपासले, तेव्हा त्यातील प्रमाण दक्षिण क्वेबेकमधील मातांच्या सुमारे पाचपट निघाले. पीसीबी किंवा डीडीटी या कीटकनाशकासारखी रसायने उष्ण प्रदेशात हवेत मिसळतात, थंडीत खाली बसतात, ऊन लागले की पुन्हा उडतात आणि अशा टप्प्याटप्प्याने ध्रुवाकडे सरकतात. तिथल्या थंडीत त्यांचे विघटन फार सावकाश होते. ती चरबीत विरघळत असल्यामुळे प्लवकांतून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून) माशांत, माशांतून सीलमध्ये आणि पुढे माणसात जाताना प्रत्येक पायरीवर त्यांची तीव्रता वाढत जाते. तिथे आढळणारे दुसरे विष म्हणजे पारा; त्याचा मोठा वाटा दूरच्या देशांत जळणाऱ्या कोळशातून आणि सोन्याच्या छोट्या खाणींतून येतो. मिथाइल-पारा, म्हणजे सजीवांच्या शरीरात साठणारे पाऱ्याचे रूप, मात्र चरबीत नव्हे, तर मांसात साठतो. नुनाविकमध्ये जन्मापासून पाहणीत असलेल्या मुलांपैकी ज्यांचा गर्भावस्थेत पाऱ्याशी अधिक संपर्क आला होता, त्यांचा बुद्ध्यंक शालेय वयात सरासरीने कमी आढळला.

दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र मला अधिक काळजीने पाहावेसे वाटते, कारण ‘खाणे सोडा’ हा सल्ला दुरून द्यायला सोपा असतो. व्हेलच्या कातडीसह चरबी, म्हणजे मक्ताक, ‘क’ जीवनसत्त्व देते; समुद्री अन्नातून ओमेगा-३ आणि सेलेनियम मिळते, सीलच्या मांसातून भरपूर लोह मिळते. त्याऐवजी दुकानात मिळते ते विमानाने आणलेले, अतिशय महाग आणि बहुतांशी साखर-मैद्याचे खाणे. शिवाय शिकार वाटून खाणे हाच तिथल्या नात्यांचा आणि शिक्षणाचा पाया आहे. म्हणून सरसकट बंदीपेक्षा नेमका सल्ला मला योग्य वाटतो: नुनाविकमध्ये मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना बेलुगा व्हेलचे मांस, विशेषतः पारा अधिक दाट झालेले वाळवलेले मांस, कमी खाण्यास आणि त्याऐवजी कमी पारा असलेला ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा खाण्यास सांगितले गेले. स्तनपान थांबवा, असे मात्र सांगितले गेले नाही. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर २००८ मध्ये वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पायलट व्हेल अजिबात खाऊ नये असे जाहीर केले. तिथे पर्यायी अन्न सहज मिळते, हा फरक विसरता येणार नाही.

खरा उपाय उगमापाशीच करावा लागतो. इनुइट नेत्या शीला वॉट-क्लूटिए यांनी १९९९ मध्ये अशा रसायनांवरील जागतिक कराराच्या नैरोबीतील वाटाघाटींत आई आणि मुलाचे एक इनुइट शिल्प भेट दिले आणि ते पुढे अध्यक्षांच्या मेजावर राहिले. त्यातून झालेल्या २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकमधील आदिवासी समाजांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यानंतर पीसीबीसारख्या जुन्या रसायनांचे तेथील मातांच्या रक्तातील प्रमाण बरेच घटले आहे, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

भारताने हा करार २००६ मध्ये स्वीकारला, पण रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी डीडीटीची सवलत ठेवली. आपल्या रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे अनेक वर्षे डीडीटी तयार होत असे. हिवतापाने माणसे मरत असताना ते वापरणे अन्यायाचे होते असे मी म्हणणार नाही. परंतु त्याला पर्याय शोधण्याची घाई आपण नुनाविकमधील मातांसाठीही करायला हवी होती.