नवी पोर्ट साठवावी का?

2011 ची व्हिंटेज पोर्ट (पोर्तुगालची गोड, कडक वाइन, एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची) आत्ताच छान लागते, म्हणून ती 1963 च्या नावाजलेल्या पोर्टसारखी टिकणार नाही, असं लगेच ठरवू नकोस. पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यात आता तीत मिसळतात ते द्राक्षांचं स्पिरिट पूर्वीपेक्षा स्वच्छ असतं, त्यामुळे कोवळेपणीही घसा जळत नाही. टिकायचा दम साखर, अल्कोहोल आणि टॅनिनमध्ये (द्राक्षांच्या सालीतला तुरटपणा). ते तिन्ही जागेवर आहेत. पन्नास वर्षांनंतरचं कुणी छातीठोक सांगत असेल, तर हसून सोडून दे. बाटली आडवी, अंधारात, 13 अंशांच्या आसपास ठेव. उघडण्याआधी दिवसभर उभी कर, मग टॉर्चच्या उजेडात हळू ओत. मानेशी गाळ दिसला की थांब. टॉनी जातीची पोर्ट मात्र साठवू नकोस, ती पिंपातच मुरून येते. आणि गोव्यातल्या स्वस्त ‘पोर्ट वाइन’ला तर जपायच्या फंदातही पडू नकोस.